सिनेमा, श्रद्धा आणि थिएटरमधून घरी येतानाचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा बघून आल्यावर मी जे मनन लिहिते ते वाचून लोक प्रश्न पाठवतात, आणि तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अवघड नंतर. कुठलंही उत्तर एकटं वाचलं तरी कळेल, आणि जिथे तोच मुद्दा परत येणार होता तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही, प्रभूवर विश्वास ठेवणारी आणि सिनेमावर मनापासून प्रेम करणारी एक बाई आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

1. सिनेमा म्हणजे करमणूक, त्यात विश्वास कुठून आला? ओढूनताणून संबंध लावताय असं नाही का?

संबंध आहे तो गोष्टीचा. बायबलमधल्या दावीद राजाने आपला सैनिक उरीया याची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं, आणि नंतर तो निवांत राज्य करत होता. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने आरोप वाचून दाखवले नाहीत. त्याने एक गोष्ट सांगितली. एक श्रीमंत माणूस, भरपूर गुरंमेंढरं, आणि एक गरीब, ज्याच्याकडे एकच कोकरी, ती त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या उराशी झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःचं एकही जनावर न कापता गरिबाची ती कोकरी कापली. दावीद संतापला, असल्या माणसाला जगायचा हक्क नाही म्हणाला, आणि तेव्हा नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस" (2 शमुवेल 12).

दावीदाची न्यायबुद्धी मेलेली नव्हती बघा, फक्त स्वतःच्या बाबतीत झोपली होती, आणि तिला जागं करायला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट लागली. चांगला सिनेमा माझ्यावर हेच करतो. दोन तास अंधारात बसून मी दुसऱ्याचं आयुष्य बघत असते म्हणून सावध नसते, आणि मध्येच कधीतरी लख्ख कळतं की अरे हे तर माझंच चाललंय. येशू लोकांशी दाखल्यांशिवाय बोलतच नसे असं मार्क सांगतो (4:34), आणि दाखला म्हणजे शेवटी गोष्टच.

2. पण ख्रिस्ती माणसाने सिनेमा बघणं पाप आहे का? आमच्याकडे लहानपणापासून नको म्हणून सांगितलंय.

नको म्हणणाऱ्यांना मी हसत नाही, कारण त्यांची परंपरा जुनी आहे आणि त्यामागे विचार आहे. सुमारे 200 साली कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने तमाशे-खेळांविरुद्ध एक अख्खा ग्रंथ लिहिला, पण त्याच्या डोळ्यांसमोरचे खेळ म्हणजे आखाड्यातली खरीखुरी कत्तल आणि मूर्तींच्या नावाने चालणारे सोहळे होते हेही विसरू नये. सिनेमा आला तेव्हा चर्चने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं नाही. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तो 28 डिसेंबर 1895 ला, आणि 1936 मध्ये पोप अकरावे पायस यांनी फक्त सिनेमा या विषयावर एक परिपत्र काढलं, त्यात सिनेमाच्या ताकदीबद्दल धोक्याचा इशारा होता आणि तीच ताकद चांगल्यासाठी वापरता येते हेही होतं. फ्रान्समधल्या कानच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये 1974 पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परीक्षक एकत्र बसून दरवर्षी एका सिनेमाला बक्षीस देतात.

माझं उत्तर: सिनेमा बघणं हे आपोआप पाप नाही, आणि आपोआप निरुपद्रवीही नाही. कोणता, कधी, कोणासोबत आणि माझ्या आत त्याने काय होतं, यावर ते अवलंबून आहे. हिंसेबद्दल प्रश्न 8, अंगप्रदर्शनाबद्दल 9, घरच्यांच्या विरोधाबद्दल 13 बघा.

3. तुम्ही "सिनेमावर मनन" म्हणता ते नक्की करायचं कसं? मी सिनेमा बघतो, आवडतो, आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मनन सिनेमा चालू असताना होत नाही, ते सिनेमा संपल्यावरच्या पंधरा मिनिटांत होतं किंवा होतच नाही. तेवढी मिनिटं आपण कशी घालवतो? लाईट लागले की मोबाईल बाहेर, मेसेज, पार्किंगची घाई, आणि दारातच "कसा वाटला?" "चांगला होता, जरा लांबला." संपलं, दोन तास आत गेलेलं सगळं तिथेच सांडलं.

मला लूक 24 मधले येशूचे ते दोन शिष्य फार जवळचे वाटतात. यरुशलेमहून अम्माऊसला निघालेत, साधारण अकरा किलोमीटरचा रस्ता, आणि येशूच्या मरणापासून तीन दिवसांत जे बघितलं त्याच्यावर बोलत बोलत चाललेत, काही उलगडत नाहीये, चेहरे उतरलेत. तेवढ्यात एक वाटसरू सोबत येतो आणि विचारतो, काय बोलताय? तो उत्तर देऊन सुरुवात करत नाही, त्यांना आधी बोलू देतो. तो येशूच आहे हे त्यांनी ओळखलं ते खूप उशिरा, भाकर मोडताना, आणि मग मागे वळून म्हणाले की रस्त्यातच आपलं मन आतून पेटत होतं ना. मी थिएटरमधून घरी येतानाचा रस्ता असाच धरते.

करते काय, तर मोबाईल बंदच ठेवते. मग स्वतःला विचारते की आत्ता डोळे मिटले तर कोणतं चित्र येतं, कथेतलं महत्त्वाचं वळण वगैरे काही नाही, जे आपोआप येतं ते. एकदा मला फक्त एका म्हाताऱ्या बाईचा हात आठवत होता, तिने टेबलावर रोज दोन ताटं मांडलेली असायची, नवरा जाऊन वर्ष झालं तरी, आणि एका सीनमध्ये ती दुसरं ताट उचलायला हात पुढे करते, कडेला बोटं लावते, आणि तसंच ठेवते. पाच सेकंद असतील. त्यानंतर विचारायचं की हेच का राहिलं माझ्याकडे. उत्तर लगेच मिळत नाही, मला दोन दिवस लागले. मग शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एखादी ओळ किंवा गोष्ट त्याच्या शेजारी येऊन बसते का बघायचं, आली तर आली, खेचून आणायची नाही, कारण खेचून आणलेली ओळ सिनेमालाही खोटं पाडते आणि ओळीलाही. आणि शेवटी त्या चित्रासकट प्रार्थना. त्या दिवशी माझी प्रार्थना एवढीच होती की प्रभू, मीही एक ताट उचललेलं नाहीये.

4. मग सिनेमा बघताना वहीत टिपून घेऊ का?

नको. टिपायला लागलात की बघणं थांबतं. घरी आल्यावर चार ओळी लिहा.

5. थिएटरच कशाला, घरी मोबाईलवर बघून मनन होत नाही का?

होतं, आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही, आजारी आहेत, लहान बाळ आहे, त्यांनी मनात काही आणू नये. पण फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. थिएटरमध्ये सिनेमा माझ्या हातात नसतो. पॉज नाही, कंटाळवाणा सीन पुढे ढकलता येत नाही, जड झालं की उठून पाणी प्यायला जाता येत नाही (जाता येतं, पण सिनेमा थांबत नाही). दोन तास मी दुसऱ्या कुणाच्या तरी वेगाने चालते. ज्या माणसाला प्रार्थनेत गप्प बसायला जमत नाही त्याच्यासाठी हा चांगला सराव आहे, माझ्यासाठी होता.

आणि एक गोष्ट कळल्यापासून मी ती विसरू शकलेले नाही. रीळवर चालणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला 24 चित्रं पडद्यावर पडतात, आणि एका चित्रावरून दुसऱ्यावर रीळ सरकताना झडप मध्ये येऊन उजेड अडवते, नाहीतर सगळं फरफटलेलं दिसेल. म्हणजे दोन तासांत 1,72,800 चित्रं, आणि जवळजवळ अर्धा वेळ पडदा पूर्ण काळा. आपण तो अंधार बघतच नाही, डोळा उजेडाला उजेड जोडत जातो. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल प्रोजेक्टर आहेत, त्यांचं काम वेगळं चालतं, पण योहानाच्या पहिल्या अध्यायातलं अंधारात प्रकाशणाऱ्या प्रकाशाचं वाक्य वाचलं की मला अजून ती झडपच आठवते.

6. फक्त ख्रिस्ती सिनेमे बघावेत की बाकीचेही? विश्वास नसलेल्या डायरेक्टरच्या सिनेमातून देव काय बोलणार?

प्रेषित पौल अथेन्समध्ये उभा राहून बोलला तेव्हा त्याने तिथल्या लोकांच्याच कवींची ओळ उचलली, "आपण त्याचे वंशज आहोत" (प्रेषितांची कृत्ये 17). ते कवी काही यहोवाची स्तोत्रं लिहीत नव्हते. सत्य जिथे सापडलं तिथे पौलाने उचललं.

सिनेमातलं माझं लाडकं उदाहरण पासोलिनीचं. इटलीचा हा डायरेक्टर स्वतःला नास्तिक म्हणवायचा, मार्क्सवादी होता, आणि त्याने 1964 मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर (बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकावर) सिनेमा केला. संवाद जवळजवळ सगळे थेट मत्तयामधले, नट बहुतेक साधी माणसं, वधस्तंभाजवळच्या म्हाताऱ्या मरीयेच्या जागी त्याची स्वतःची आई, आणि सिनेमा अर्पण केला पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा 1995 मध्ये व्हॅटिकनने 45 चांगल्या सिनेमांची यादी काढली, त्यात हा आहे. त्या यादीत धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग आहेत, आणि मूल्यांच्या भागात असे कितीतरी सिनेमे आहेत ज्यांत चर्च किंवा बायबल कुठे दिसतही नाही.

उलट बाजूही स्पष्टच सांगते. काही "ख्रिस्ती" सिनेमे माझ्या मनाला लागतच नाहीत. ज्यात विश्वास ठेवला की नोकरी मिळते, आजार जातो, नवरा सुधारतो आणि शंका घेणारा प्रत्येक माणूस वाईटच असतो, तो सिनेमा ईयोबाच्या पुस्तकाशी, जिथे चांगल्या माणसालाच दुःख भोगावं लागतं, प्रामाणिक नाही. हेतू चांगला असतो, मान्य, पण हेतू चांगला म्हणून गोष्ट खरी होत नाही.

7. येशूच्या जीवनावरच्या सिनेमात दाखवतात ते खरं धरायचं का?

सिनेमा हा अर्थ लावलेला असतो, शुभवर्तमान नसतो, हे पक्कं धरा. तीन ज्ञानी पुरुष गोठ्यात आलेले आपण इतक्या वेळा बघितलेत की मत्तयाने आकडा सांगितलेलाच नाही आणि ते "घरात" आले असं लिहिलंय हे लक्षातही येत नाही. मग्दालीया मरीया वेश्या होती असं कुठल्याही शुभवर्तमानात नाही, तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच लूक 8 मध्ये आहे. लूक 7 मधल्या बिननावाच्या पापी स्त्रीशी तिची गाठ मारली गेली, पोप ग्रेगरी पहिले यांच्या 591 च्या प्रवचनाने ती पक्की झाली, आणि तिथून ती थेट पडद्यावर आली. म्हणून असा सिनेमा बघून आलात की त्याच रात्री तो भाग शास्त्रात वाचा, जे सिनेमात होतं आणि पुस्तकात नव्हतं ते दिसेल, आणि पुस्तकात किती कमी शब्दांत सगळं उरकलंय तेही दिसेल.

चेहऱ्याबद्दलही विचारतात, की एका नटाचा चेहरा डोक्यात बसला आता प्रार्थनेत तोच येतो, काय करू. घाबरू नका. 1959 च्या बेन-हर मध्ये येशूचा चेहरा दाखवलेलाच नाही, पाणी पाजणारे हात दिसतात आणि पाणी पिणाऱ्याच्या तोंडावर काय उमटतं ते दिसतं. मला वाटतं तो मार्ग सगळ्यात भक्तीचा आहे. दुसऱ्या टोकाला 1979 चा लूकवर आधारलेला सिनेमा आहे, ज्यात येशू सरळ समोर आहे, आणि तो 2000 पेक्षा जास्त भाषांत पोचलाय, कित्येकांनी येशूला स्वतःच्या बोलीत बोलताना पहिल्यांदा त्यातच ऐकलं.

आणि पडद्यावरचं ख्रिस्तचरित्र माणसाला कुठे नेईल हे आपल्या हातात नसतं याची आठवण दादासाहेब फाळके करून देतात. 1910 च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला, आणि तो बघताना त्यांना डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम दिसायला लागले असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यातून 1913 चा राजा हरिश्चंद्र झाला. मी ख्रिस्ती म्हणून ही गोष्ट वाचते तेव्हा मला नम्र व्हायला होतं.

8. खूप हिंसा असलेला सिनेमा बघावा का? आणि वधस्तंभाचा सीन रक्तबंबाळ असेल तर ते चालतं का?

शास्त्र हिंसा लपवत नाही, शास्ते 19 वाचून बघा, वाचवत नाही. म्हणून "हिंसा आहे म्हणजे वाईट" असं मी म्हणत नाही. मी बघते की सिनेमा मला कोणाच्या बाजूला उभं करतो. मार खाणाऱ्याच्या की मारणाऱ्याच्या? मला वेदना कळतेय की मजा येतेय?

संत ऑगस्टीन या जुन्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने आपल्या मित्राची, अलिपियसची गोष्ट सांगितलीय. रोममध्ये मित्रांनी त्याला आखाड्यात ओढून नेलं, तो म्हणाला शरीर न्याल पण डोळे आणि मन नेता येणार नाही, आणि डोळे घट्ट मिटून बसला. कोणीतरी पडलं, गर्दीचा एकच गलका झाला, आणि याने फक्त काय झालं बघायला डोळे उघडले. मग मिटताच आले नाहीत. नंतर तो स्वतःहून जायला लागला, दुसऱ्यांनाही नेऊ लागला. मला यातला तो आवाज महत्त्वाचा वाटतो, त्याला आधी दिसलं नाही, ऐकू आलं, आणि गर्दीसारखं व्हावंसं वाटलं. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत असताना माझं मन कुठे होतं हे मी घरी आल्यावर प्रामाणिकपणे तपासते, आणि दोनदा उत्तर वाईट आलंय.

वधस्तंभाबद्दल. 2004 मध्ये अरामी आणि लॅटिन भाषेत आलेल्या सिनेमात फटके आणि रक्त फार आहे, काहींना त्यातून ख्रिस्ताच्या दुःखाची किंमत कळली, काही जण आजारी पडल्यासारखे बाहेर आले. दोन्ही खरं. चारही शुभवर्तमानकार मात्र तो क्षण एका वाक्यात सांगतात, त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळलं, बस. जखमांचं वर्णन नाही. ज्याला रक्त बघून फक्त धक्का बसतो त्याने तेवढं एक वाक्य घेऊन गुड फ्रायडेला बसावं, काही कमी पडत नाही.

9. अश्लील सीन अचानक आला तर? आणि माहीत असून गेलो तर?

दावीदाची घसरण गच्चीवरून उरीयाच्या बायकोला बघण्याने सुरू झाली. पहिली नजर अपघात असेल, पण त्याने नंतर माणूस पाठवून चौकशी केली, तो अपघात नव्हता. मत्तय 5:28 मध्ये येशूही नजरेमागच्या हेतूवरच बोट ठेवतो. तर अचानक आलं तर नजर खाली घाला आणि पुढे चला, स्वतःला चाबकाचे फटके मारत बसू नका. माहीत असून, त्यासाठीच गेलात तर ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी एकदा अर्ध्यातून उठून आलेय. रांगेच्या मधोमध बसले होते, आठ जणांचे गुडघे ओलांडायचे होते, आणि लोक काय म्हणतील म्हणून वीस मिनिटं नुसती बसून राहिले. ती वीस मिनिटं मला आजही लाजिरवाणी वाटतात, सीनपेक्षा जास्त. आता कडेची सीट घेते. ज्यांना या बाबतीत सवय लागलीय, सुटत नाही, त्यांनी सिनेमाचा प्रश्न बाजूला ठेवून विश्वासातल्या एका माणसाशी बोला, एकट्याने लढू नका.

10. सिनेमात मला रडू येतं पण प्रार्थनेत, उपासनेत डोळे कोरडेच. माझ्या विश्वासात काही खोट आहे का?

हा प्रश्न ऑगस्टीनलाही पडला होता, सोळाशे वर्षांपूर्वी. शाळेत असताना तो डिडो राणीच्या मरणाची कविता वाचून रडायचा आणि देवापासून दूर जाणाऱ्या स्वतःसाठी मात्र एक थेंब आला नाही, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

माझं मत जरा मवाळ आहे. पडद्यावरच्या माणसासाठी रडायला काही लागत नाही, त्याला मदत करावी लागत नाही, त्याची माफी मागावी लागत नाही, म्हणून अश्रू सुटे असतात. प्रार्थनेत आपण अडकलेलो असतो. तर ते अश्रू खोटे म्हणून टाकून देऊ नका, ते कशावर आले ते लक्षात ठेवा आणि तेच प्रार्थनेत न्या, कोरड्या डोळ्यांनी नेलं तरी चालेल.

11. सिनेमा बघून मी पार हललो, आयुष्य बदलायचं ठरवलं. हे देवाचं बोलावणं होतं की फक्त म्युझिकचा परिणाम?

दोन्ही एकाच वेळी असू शकतं. म्युझिक हा परिणाम साधण्यासाठीच असतं, म्हणून त्या रात्री मोठे निर्णय जाहीर करू नका. तिसऱ्या दिवशी बघा काय उरलं. आणि जे उरलं ते एखाद्या माणसाकडे, एखाद्या कृतीकडे बोट दाखवतंय का बघा, की नुसतंच छान वाटतंय.

माझं सांगते. दादाशी मी सहा वर्षं बोलत नव्हते, कारण आता लिहिण्यासारखंही नाही. एका सिनेमात शेवटी एक माणूस भावाच्या दारासमोर उभा राहतो, ठोठवायला हात वर करतो, कॅमेरा त्या हातावर थांबतो, बोटं मिटलेली, नखात माती, आणि सिनेमा तिथेच संपतो. ठोठावलं की नाही दाखवलंच नाही. मी चिडले, की शेवट कुठाय. घरी आले, झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी विसळताना लक्षात आलं की शेवट त्यांनी माझ्यावर सोडलाय. ओल्या हातानेच फोन लावला. चार रिंग गेल्या. दादा म्हणाला, "बोल." बाकी काही नाही, नुसतं "बोल". मला काही बोलता येईना, त्यानेही फोन ठेवला नाही.

तो दिवस आठवला की मला मत्तय 5 मधलं वाक्य ऐकू येतं, दान वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. शंभर वेळा वाचलं होतं. देव बोलला का सिनेमा बोलला, मला ते वेगळं करता येत नाही आणि करावंसंही वाटत नाही.

12. शेवट निराशेचा असतो, देव कुठेच नसतो, असे सिनेमे विश्वासाला धक्का देतात. टाळावेत का?

स्तोत्र 88 काढा. ते अंधारावर संपतं, नेहमीसारखं शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" येतच नाही. आणि मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान 16:8 ला संपतं, बाया कबरेपासून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या होत्या. म्हणजे शास्त्रालाच उघडा शेवट चालतो. गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मध्ये एक शनिवार आहे, काही सिनेमे त्या शनिवारचे असतात, आणि ज्या माणसाचं आयुष्य सध्या शनिवारात आहे त्याला ते आधार देतात.

अपवाद: तुम्ही स्वतः नैराश्यातून जात असाल, मरणाचे विचार येत असतील, तर आत्ता असा सिनेमा नको. त्यात अविश्वास किंवा भित्रेपणा नाही. डॉक्टरांशी, घरच्यांशी बोला, सिनेमा कुठे पळून जात नाही.

13. माझ्या आईला, पाळकांना सिनेमा पटत नाही. लपून जाऊ का?

लपून नको. लपवायला लागलं की सिनेमापेक्षा लपवणंच मोठं होतं. पौलाने करिंथकरांना मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल लिहिलं तेव्हा त्याला स्वतःला ते खाण्यात गैर वाटत नव्हतं, तरी माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणारच नाही असं तो म्हणाला (1 करिंथ 8). पण तिथे अडखळणं म्हणजे त्याचा विश्वास मोडणं आहे, नुसतं नाराज होणं नाही. आईला एकदा सोबत नेऊन बघा, तिच्या आवडीचा निवडा. नाहीच आली तर तिच्यासमोर त्याची फुशारकी मारू नका आणि तिला मागासही म्हणू नका.

14. रविवारी सिनेमा चालतो का? उपवासकाळात?

उपासना चुकवून नाही. बाकी रविवार आपापल्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात काही जण सिनेमा सोडतात, काही जण आठवड्याला एकच, ठरवून, मननासाठी बघतात, दोन्ही चांगलं.

यात एरिक लिडेल या धावपटूची आठवण काढावीशी वाटते. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरची फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि 400 मीटरमध्ये सुवर्ण जिंकला. त्याच्यावरच्या 1981 च्या सिनेमात त्याला हे जहाजावर चढताना कळतं, प्रत्यक्षात ते महिने आधी माहीत होतं (सत्यकथेवर आधारित म्हणजे काय याचाही हा नमुना). सिनेमात नसलेली गोष्ट मला जास्त मोठी वाटते. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला आणि 1945 मध्ये तिथेच वारला. त्या छावणीत रविवारी मुलं खेळताना पंच नसल्यामुळे भांडायला लागली, तेव्हा याच माणसाने रविवारीच उभं राहून पंचाचं काम केलं.

15. चर्चच्या तरुण संघात सिनेमा दाखवून चर्चा घ्यायचीय. काय लक्षात ठेवू?

आधी परवानगी. घरच्या स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन घरात बघण्यासाठी असतं, हॉलमध्ये लोकांना दाखवायला हक्कदाराकडून वेगळी परवानगी लागते, आणि तिकीट लावलं नाही म्हणून सूट मिळतेच असं नाही. देवाच्या कामासाठी म्हणून चोरी चालत नाही.

मग, स्वतः आधी पूर्ण बघा. चर्चेला वेळ उरेल असा लहान सिनेमा निवडा. आणि "यातून काय संदेश मिळाला?" हा प्रश्न विचारूच नका, सगळे पाठ केलेलं बोलतात. कोणता सीन आठवतोय विचारा, कोणाचा राग आला विचारा, कोणाला माफ करवत नाहीये विचारा. गप्प राहणाऱ्याला गप्प राहू द्या. शेवटी प्रवचन जोडायचा मोह होईल, आवरा. दावीदाला जागं करणारं नाथानचं वाक्य (प्रश्न 1) चार शब्दांचं होतं.

16. लहान मुलांना नेताना?

सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा पण त्याच्यावर सगळं सोडू नका, मूल तुमचं आहे. घाबरलं तर लगेच बाहेर आणा, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. घरी येताना त्यालाच गोष्ट सांगायला लावा, मुलांना कुठलं पात्र एकटं पडलं ते आपल्याआधी कळतं.

17. ख्रिस्ताची निंदा करणारा सिनेमा आलाय, बहिष्कार घालायचा मेसेज फिरतोय. पुढे पाठवू का?

स्वतः बघितलेला किंवा बघितलेल्या भरवशाच्या माणसाकडून नीट ऐकलेला नसेल तर पाठवू नका. न बघता केलेला आरोप ही खोटी साक्ष होऊ शकते, आणि ती आज्ञाही दहांतलीच आहे. बघून खरंच दुखावलात तर न बघण्याचा, तसं शांतपणे सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. थिएटरची काच फोडण्याचा नाही. पेत्राने तलवार काढली तेव्हा येशूने त्याला थांबवलं होतं, आणि तेव्हा तर प्रत्यक्ष त्यालाच पकडायला आले होते.

18. सगळं करून बघितलं. बसून राहतो, काही सुचत नाही, देव काही बोलत नाही. मग?

मग नावं वाचा. खरंच सांगते. क्रेडिट्स सुरू होतात तेव्हा लोक उठतात, आणि मला रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आठवतो, जो आपण सगळेच गाळतो कारण त्यात नुसती नावं आहेत. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विला, पर्सिस जिने खूप श्रम केले, आणि मध्येच एक माणूस स्वतःच डोकं वर काढतो, हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियस, माझा सलाम. पौलाचं एवढं मोठं पत्र, आणि लेखणी धरणाऱ्याचं नाव त्यात राहिलं.

म्हणून काही सुचत नसेल तेव्हा मी पडद्यावरून वर सरकणारी नावं वाचते, दिवे धरणारे, दोऱ्या ओढणारे, ड्रायव्हर, कपडे शिवणारे. मागच्या वेळी मी एकटीच उरले होते. झाडू घेऊन एक बाई कडेच्या पायऱ्यांवर थांबली होती, मी उठायची वाट बघत, घाई करत नव्हती. शेवटचं नाव गेलं, मी उठले, तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "बसा की, मीही वाचतच होते." मी तिला नाव विचारलं आणि तिने सांगितलं.